देवळाचे शिखर आणि चर्चचा मनोरा : एक तुलनात्मक विचार

देवाला उंचीची गरज असते काय? प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु धर्मवास्तूंचा थोडाबहुत अभ्यास करू लागले की तो टाळता येत नाही. देव चराचरात भरलेला आहे असे आपण म्हणतो. ख्रिस्ती बांधवही आपल्या परीने तेच म्हणतात. मग त्याच्या घराच्या माथ्यावर शे-दोनशे फुटांचा दगडविटांचा भार कशासाठी? गाभाऱ्यात पूजा करणाऱ्या पुजाऱ्याला शिखर दिसत नाही. चर्चमध्ये बाकावर बसून प्रार्थना करणाऱ्याला मनोरा दिसत नाही. म्हणजे जे आत आहेत त्यांना वास्तूचा सर्वांत उंच आणि बांधायला सर्वांत अवघड भाग दिसतच नाही. तो दिसतो बाहेरच्यांना.

या बाहेरच्यांविषयीच मला प्रस्तुत लेखात मुख्यतः लिहायचे आहे. इतिहासाच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून औंढा नागनाथच्या मंदिरावर टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्या निमित्ताने शिखर या विषयाची गोडी लागली. पुढे पुण्या-मुंबईस जाण्याचा योग आला, तेव्हा तिथल्या चर्चचे मनोरे मुद्दाम रस्त्यात थांबून पाहिले. या दोहोंची तुलना आपल्याकडे फारशी कुणी करताना दिसत नाही. त्यांचे त्यांना, आपले आपल्याला, असे म्हणून आपण मोकळे होतो.

औंढा हे गाव हिंगोलीपासून सुमारे 25 किलोमीटरवर आहे. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत औंढा परभणी जिल्ह्यात सापडते. संदर्भ शोधणाऱ्या मित्रांनी गोंधळू नये. येथील नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानला जातो. द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर हीही तोच मान सांगतात, पण त्या वादात शिरण्याचे आपल्याला कारण नाही. आपले लक्ष देवळाच्या माथ्याकडे आहे.

देवळासमोर उभे राहून नीट पाहिले तर एकावर एक ठेवलेली दोन देवळे पाहतो आहोत असे वाटते. खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवकालीन, ज्याला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो तसा. हत्तींची रांग, देवदेवतांच्या मूर्ती, कोपऱ्यामागून कोपरे फोडत गेलेली भिंत. डोळा एका जागी ठरत नाही. वरचा भाग मात्र विटांचा आणि चुन्याचा, उजळ रंगाचा, मराठेशाहीतल्या देवळांना शोभणारा. मूळचे शिखर मोगलांच्या स्वारीत पडले असे सांगतात, आणि आजच्या शिखराचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. काही रसिकांना ही जोड विजोड वाटते. मला तसे वाटत नाही. खालच्या भागाचे वैभव परत आणणे कुणालाच शक्य नव्हते; पण देवळाला माथा नसावा हे लोकांना सहन होण्यासारखे नव्हते. जो हाताशी होता त्या विटेने आणि चुन्याने त्यांनी तो घडवला. भिंतीवरच्या तुटलेल्या मूर्ती कुणी पुन्हा कोरल्या नाहीत, शिखर मात्र पुन्हा उभारले, यावरूनच शिखराची निकड लक्षात यावी.

'शिखर' हा शब्द मूळचा डोंगराचा. देवळाचे शिखर म्हणजे मेरू किंवा कैलास, आणि गाभारा म्हणजे त्या पर्वताच्या पोटातली गुहा, ही कल्पना आपल्या शिल्पशास्त्रात सर्वत्र आढळते. दुसरी कल्पना देहाची. देवळाच्या भागांची नावेच पाहा ना : जंघा, स्कंध, ग्रीवा. देऊळ हे देवाचे उभे शरीर आणि शिखर हे त्याचे मस्तक. म्हणून कळस बसवणे हे गवंड्याचे शेवटचे काम न राहता स्वतंत्र विधी होतो. कलशारोहणाला पंचक्रोशीतली माणसे जमतात. बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांनी हीच कल्पना उलटी फिरवली. श्रीमंत लोक शिवाची मंदिरे बांधतील, माझ्यासारख्या गरिबाने काय करावे, असे विचारून त्यांनी आपल्या पायांनाच खांब आणि डोक्यालाच सोन्याचा कळस म्हटले. आपल्या संत बहिणाबाईंनीही वारकरी पंथाचे वर्णन एका इमारतीच्या रूपकातून केले आहे. त्यात पाया ज्ञानदेवांचा आहे आणि कळस तुकोबांचा. देऊळ म्हटले की मराठी मनाला पहिल्यांदा काय दिसते, याचा हा पुरावाच समजावा.

अर्थ बाजूला ठेवून बांधकामाच्या अंगानेही थोडे पाहिले पाहिजे, कारण अर्थ बहुतेक वेळा बांधकामाच्या मागून चालत येतो. यादवकाळातील गवंडी दगड चुन्यात बसवत नसत. दगडाला दगड खाचेत अडकवायचा आणि बाकीचे काम वजनावर सोपवायचे, अशी ती रीत. गाभाऱ्यावर छप्पर घालायचे तर कमान वापरायची नाही; प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत न्यायचा. असा पुढे आलेला दगड आतल्या बाजूला कोसळू नये म्हणून त्याच्या मागच्या टोकावर भार हवा. भारावर भार चढवत गेले की आपोआप निमुळता डोंगर तयार होतो. अर्थात एवढ्यासाठी इतक्या उंचीची गरज नसते, हेही खरे. गरजेपुरता डोंगर गवंड्याने उभा केला आणि उरलेला भक्ताने, असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात त्या काळी भूमिज पद्धतीची शिखरे रूढ होती. चारी बाजूंनी खालून वरपर्यंत जाणारा एकेक उभा पट्टा आणि मधल्या जागेत माळेतल्या मण्यांसारख्या छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, असे त्याचे रूप. सिन्नरचा गोंदेश्वर हे त्याचे उत्तम उदाहरण. अंबरनाथचे 1060 सालचे शिवमंदिर त्याहून जुने, पण त्याचे शिखर आज पूर्ण नाही. अशा शिखराची मोजणी 'भूमीं'वर होते. भूमी म्हणजे मजला. कुठे पाच, कुठे सात, कुठे नऊ. आता औंढ्याला कुणालाही विचारा, तो सांगेल की पूर्वी हे देऊळ सात मजली होते. सात मजल्यांची इमारत डोळ्यांसमोर आणली तर ही अतिशयोक्ती वाटते. माझा आपला अंदाज असा, की ही आठवण सात भूमींच्या शिखराची असावी. शिखर गेले, शब्द राहिला, आणि 'भूमी'चा 'मजला' झाला. जाणकारांनी यावर अधिक प्रकाश टाकावा.

औंढ्याची आणखी एक गोष्ट या विषयात फार महत्त्वाची आहे. येथील लिंग जमिनीखालच्या तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरून, वाकून खाली उतरावे लागते. आत जागा इतकी कमी की थोड्याच माणसांना एका वेळी बसता येते. देव जमिनीखाली आणि कळस आभाळात. देवाला उंचीची गरज असती तर तो खाली जाऊन बसला नसता, हे औंढ्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. उंची आहे ती दुसऱ्या कुणासाठी तरी आहे.

आता चर्चच्या मनोऱ्याकडे वळू.

चर्चला मनोरा असावा अशी आज्ञा बायबलात कुठेही नाही. पहिले ख्रिस्ती लोक एकमेकांच्या घरी जमत. छळाच्या काळात तर आपली प्रार्थनेची जागा दिसू नये हीच त्यांची इच्छा असणार. मनोरा आला तो घंटेमुळे. घड्याळे नव्हती तेव्हा प्रार्थनेची वेळ सांगायची कशी? मोठी घंटा उंच टांगली तर आवाज दूर जातो, म्हणून घंटेसाठी मनोरा. इटलीत तो चर्चच्या शेजारी सुटा बांधत. पिसाचा प्रसिद्ध कलता मनोरा, ज्याचे काम 1173 मध्ये सुरू झाले, तो अशा घंटेचाच मनोरा आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात नसते. घंटेने पुढे गावाची सगळीच कामे अंगावर घेतली : लग्न, मृत्यू, आग, शत्रूची स्वारी. उत्तर युरोपात पाऊस आणि बर्फ. मनोऱ्याचे डोके सपाट ठेवले तर पाणी मुरते आणि बर्फ साचतो, म्हणून त्यावर उतरते छप्पर आले. ते उतरते छप्पर हळूहळू उंच होत गेले आणि बाराव्या शतकानंतर त्याचा आभाळाला टोचणारा सुळका झाला. छपराचे काम केव्हाच संपले होते. पण लोकांना आता त्यात स्वर्गाकडे दाखवणारे बोट दिसू लागले होते. आपल्या शिखराप्रमाणे इथेही गरज आधी आणि अर्थ नंतर.

मग चढाओढ लागली. इंग्लंडात सॅल्सबरीचे मुख्य चर्च 1220 ते 1258 या काळात बांधून झाले. त्यावर चौदाव्या शतकात 404 फूट उंचीचा मनोरा व सुळका चढवला. पायाला हा जादा भार ठाऊक नव्हता. आतले दगडी खांब त्या भाराने वाकलेले आजही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सॅल्सबरी निभावले. फ्रान्समध्ये बोव्हे येथील मनोरा काही वर्षांतच, 1573 मध्ये, कोसळला. सतराव्या शतकात इंग्लंडातच जॉर्ज फॉक्स यांच्या क्वेकर पंथाने या सगळ्या प्रकाराला कंटाळून चर्चच्या इमारतीला 'मनोऱ्याचे घर' असे नाव दिले. चर्च म्हणजे माणसांचा मेळा, दगडांचा ढीग नव्हे, हा त्यांचा मुद्दा. बसवेश्वर आणि फॉक्स यांना एकमेकांची गंधवार्ता असणे शक्य नाही. तरी दोघांनी एकाच ठिकाणी बोट ठेवले.

आपल्याकडे हे मनोरे इंग्रजांबरोबर आले. मुंबईत कुलाब्याला अफगाण चर्च आहे. 1839 ते 1842 च्या पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले; 1858 मध्ये ते प्रार्थनेसाठी खुले झाले आणि मनोरा पुरा व्हायला 1865 उजाडले. उंची 198 फूट. या चर्चला जागा देताना सरकारने एक अट घातली होती, ती मला फार बोलकी वाटते : बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून दिसेल एवढा उंच मनोरा असला पाहिजे. आत प्रार्थनेला बसणारे ते किती? दोन-चारशे धरा. पण तांडेल, खलाशी, कोळी अशा हजारोंनी त्या मनोऱ्यावर नजर ठेवून आपली वाट ठरवली असेल. त्यात मुसलमान असतील, हिंदू असतील, काही न मानणारेही असतील. मनोऱ्याने कुणाला धर्म विचारला नाही.

पुण्याची दोन उदाहरणे तर अधिकच मजेशीर आहेत. पंचहौदाजवळचे 1885 चे पवित्र नाम देवालय इटलीच्या रीतीने बांधले आहे. घंटेचा मनोरा शेजारी स्वतंत्र उभा आहे आणि त्यात एकदोन नव्हे, आठ घंटा आहेत. (याच पंचहौद मिशनमध्ये 1890 साली टिळक, रानडे प्रभृतींनी चहा घेतला आणि पुण्यात ग्रामण्य माजले. मनोऱ्याच्या सावलीतला चहासुद्धा त्या वेळी बाटवणारा होता!) दुसरे उदाहरण लष्कर भागातील 'लाल देवळा'चे. विटांच्या लाल रंगावरून हे नाव पडले. त्याचा 90 फुटी मनोरा पाहून कुणीही त्याला चर्च समजेल. प्रत्यक्षात ते डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे, 1867 साली पूर्ण झालेले. म्हणजे चर्चच्या धाटणीचा मनोरा, प्रार्थना ज्यूंची, आणि पुणेकरांनी ठेवलेले नाव 'देऊळ'! उंच माथ्याच्या पवित्र वास्तूला आपल्या माणसांच्या तोंडी दुसरा शब्द आलाच नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोराही याच घराण्यातला म्हणता येईल. 1878 मध्ये पुरा झालेला हा 280 फुटी मनोरा प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने उभारण्यासाठी देणगी दिली. त्या दृष्टिहीन, जैन मातेला सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ घंटेवरून कळावी, अशी त्यामागची कथा सांगतात.

घंटेवरून एक आठवले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि त्या देवळांतून बसवल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा त्यांपैकीच. धातू तोच, नाद तोच. पण घंटेचे काम बदलले. चर्चची घंटा चर्चचा सेवक वाजवतो आणि ती लोकांना सांगते, 'या.' देवळातली घंटा आलेला माणूस स्वतः वाजवतो आणि देवाला सांगतो, 'आलो.' एक बोलावणे आहे, दुसरी वर्दी आहे. माझ्या मते मनोरा आणि शिखर यांतला फरक समजण्याची किल्ली इथे आहे.

ही गोष्ट दोन्ही वास्तूंच्या आराखड्यात स्पष्ट दिसते. चर्चचा मनोरा बहुधा प्रवेशाच्या बाजूला, दरवाजाच्या डोक्यावर असतो. ज्या वेदीपाशी मुख्य उपासना होते तिच्या थेट वर नसतो. सॅल्सबरीसारख्या काही ठिकाणी तो मधोमध आहे, पण वेदीवर नाही. शिखर मात्र नेमके गाभाऱ्यावर, मूर्तीच्या सरळ रेषेत वर असते. मनोरा दाराची खूण आहे, शिखर देवाची. म्हणून मनोऱ्याला कुणी हात जोडत नाही. तो पाहून माणूस दाराकडे चालू लागतो. शिखराला मात्र आपण जिथे असू तिथून हात जोडतो आणि दर्शन घडले असे मानतो. 'शिखरदर्शनं पापनाशनम्' हे वचन आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असते. पंढरीच्या वारीत ज्यांना आत जायला मिळत नाही ते कळसाचे दर्शन घेऊन परततात आणि आपली वारी पोचली असे समजतात. तमिळनाडूत मधल्या देवळापेक्षा दरवाजावरची गोपुरे उंच झाली; श्रीरंगमचे 236 फुटी राजगोपुर तर 1987 साली पुरे झाले. जागेच्या दृष्टीने ते चर्चच्या मनोऱ्याचे भाऊबंद, पण लोक हात जोडतात ते शिखरासारखेच.

इथवर सगळे गोड आहे. मात्र या कळसदर्शनाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे गेलो तर अभ्यास खोटा ठरेल. बाहेरचा माणूस दोन प्रकारचा असतो. एक, जो दूर आहे, घाईत आहे, थकलेला आहे. दुसरा, ज्याला आत येऊ दिले जात नाही. कळस दोघांनाही सारखाच दिसतो. पण पहिल्यासाठी ती सोय आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत 'तुला बाहेरून दिसतो आहे ना, मग आत कशाला?' असे सांगण्याचे ते साधन होऊ शकते. तसे ते झालेले आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर बाहेर आहे. नाशिकला 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. साने गुरुजींना विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून मे 1947 मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे 17 वे कलम लागू झाले ते 26 जानेवारी 1950 ला.

माझे पणजोबा त्याआधीच्या काळातले. मी त्यांना पाहिलेले नाही. आजोबा सांगतात त्यावरून, गावच्या देवळाच्या पारापर्यंतसुद्धा त्यांना जाता येत नसे. ते शेताकडे जाताना वाटेतल्या एका उंचवट्यावर थांबत, तिथून कळसाला हात जोडत आणि पुढे कामाला लागत. कुणी हटकले तर म्हणत, "कळस कुणाच्या बापाचा नाही, तो वर हाय." या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात समाधान आहे असे मला वाटत नाही. त्यात हक्क आहे. गाभारा कुलपात ठेवता येतो, कळस ठेवता येत नाही. बांधणाऱ्यांनी तो सर्वांना दिसावा म्हणूनच उंच केला, आणि एकदा उंच केल्यावर तो कुणी पाहावा हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हातून गेला. आजोबांना मात्र वडिलांचे हे म्हणणे पटत नसे. त्यांचे म्हणणे, नुसते पाहून काय होते? दार उघडले तेव्हा ते आत गेले, आणि गेले ते घंटा वाजवून गेले. बाप-लेकातला हा वाद मिटलेला नाही आणि मला तो मिटवताही येत नाही.

या संदर्भात औंढ्याची सर्वांत प्रसिद्ध कथा पुन्हा वाचण्यासारखी आहे. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. विसोबा खेचरांची आणि त्यांची भेट औंढ्याच्या देवळातली. नामदेव देवळासमोर कीर्तन करत असता त्यांना तिथून उठवण्यात आले. ते मागच्या बाजूला जाऊन बसले आणि गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने त्यांच्याकडे तोंड केले, अशी ही कथा. नंदी आजही देवळाच्या मागे आहे आणि समोर नामदेवांचे छोटे मंदिर आहे, ते याचीच खूण म्हणून दाखवतात. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. त्यांतल्या एका पदात नामदेव स्वतः सांगतात की आपल्याला जातीमुळे देवळातून ओढून बाहेर काढले, आपण घोंगडी उचलून मागे जाऊन बसलो आणि देवळाने पंडितांकडे पाठ केली. पदात गावाचे नाव नाही. औंढ्याची परंपरा ती घटना आपल्याकडची मानते. कर्नाटकात उडुपीला कनकदासांविषयी अशीच कथा सांगतात. तिथे मूर्ती वळली, इथे आख्खे देऊळ वळले.

चमत्कार खरा की खोटा, यात मला रस नाही. मी देवळाचा आराखडा काढत होतो तेव्हा निराळीच गोष्ट ध्यानात आली. कोणत्याही देवळात समोरून येणाऱ्याच्या वाटेत आधी मुखमंडप, मग सभामंडप, मग अंतराळ आणि त्यानंतर गाभारा. समोरून शिखरही पुरते दिसत नाही. मंडपाचे छप्पर आड येते. मागून गेले तर यातले काहीच मध्ये नाही. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ जमिनीपर्यंत उतरते आणि शिखर डोक्यावर पायथ्यापासून कळसापर्यंत सबंध दिसते. मागे बसलेल्या माणसात आणि देवात फक्त एका भिंतीची जाडी असते. ज्यांनी नामदेवांना मागे पाठवले त्यांनी मोजमाप केले नव्हते, हे उघड आहे. देऊळ फिरण्याआधीच नामदेव सर्वांपेक्षा जवळ जाऊन बसलेले होते.

युरोपातले एक उदाहरण याला जोडून सांगतो. 15 एप्रिल 2019 रोजी पॅरिसचे नोत्र दाम चर्च पेटले आणि एकोणिसाव्या शतकातला त्याचा सुळका जळून कोसळला. नदीकाठी उभे असलेले लोक ते पाहून रडले. त्यांतले कितीतरी जण प्रार्थनेला कधी आत गेले नसतील. सुळका जशाचा तसा पुन्हा उभारावा की नव्या पद्धतीचा, यावर तिथे मोठा वाद झाला. अखेर पहिल्यासारखाच बांधला आणि डिसेंबर 2024 मध्ये चर्च पुन्हा उघडले. जळालेल्या छपराविषयी एवढी चर्चा झाली नाही. औंढ्याला जे विटा-चुन्याने झाले तेच तिथे लाकडाने आणि शिशाने झाले.

लंडनमध्ये सेंट पॉलच्या घुमटाचे दूरवरून होणारे दर्शन अडू नये म्हणून 1938 पासून आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत. आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांत भोवतालचे लॉज, दुकानांचे मजले आणि जाहिरातींचे फलक बांधताना कळस कुठून दिसतो आणि कुठून दिसेनासा होईल याचा हिशोब कुणी मांडताना दिसत नाही. दगडी मूर्तीला कुणी धक्का लावला तर आपण संतापतो. पण शिखर बाहेरच्यांसाठी आहे हे एकदा मान्य केले, तर ते दिसण्याची वाट हाही देवळाचाच भाग ठरतो, असे माझे मत आहे.

गेल्या श्रावणात आजोबांना घेऊन औंढ्याला गेलो होतो. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे तळघराच्या पायऱ्या उतरणे शक्य नव्हते. रांगेत एकाने सुचवले, "बाबा, तुम्ही कळसाचं दर्शन घ्या, तेच पावतं." आजोबा हसले, पण काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "तू जाऊन ये, मी हितं बसतो." मी खाली उतरून, पिंडीवर डोके टेकवून वर आलो, तेव्हा ते नंदीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून बसले होते. दुपार कलली होती आणि शिखराची सावली पूर्वेकडच्या फरशीवर लांबवर गेली होती. तिथे आणखी पाच-सात म्हातारी माणसे बसलेली होती, कुणी वाशिमचे, कुणी वसमतचे, आणि आजोबा त्यांना कापसाचा भाव विचारत होते.